हा तो नाहीच!

बाहेर पाऊस, रिंग रोड तुंबलेला, तरी एवढे लोक आलात याचं मला खरंच आश्चर्य वाटतंय. सिंगय्यनपाळ्याच्या मेट्रो स्टेशनवरून चालत आलेल्यांना आधी चहा द्या, मग मी सुरू करतो. दिला? बरं.

संयोजकांनी मला फोन केला तेव्हा त्यांच्या मनात लष्करी विषय होता. निवृत्त कर्नल म्हटला की काश्मीर, बर्फ, शिस्त, पहाटे पाचला उठणं हे ओघानं येतं. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मला एका भांडणाबद्दल बोलायचंय. हे भांडण इथे महादेवपुऱ्यात, आमच्या घरात, सात वर्षं चालू होतं. एका बाजूला मी, वय 67. दुसऱ्या बाजूला माझी नात इरा, वय 14. विषय असा, की आवडत्या पुस्तकांवर सिनेमा निघाला की वाचकानं किती चिडावं, आणि कशावरून चिडावं.

हसू नका. तुमच्यापैकी निम्मे लोक ‘दुनियादारी’ बघून आल्यावर सुहास शिरवळकरांची कादंबरी हातात घेऊन बायकोशी वाद घालत बसला होतात. 2013 साल होतं. मी त्याच वर्षी निवृत्त होऊन मुलीच्या शेजारी इथे राहायला आलो, आणि या सोसायटीत माझी पहिली ओळख अशाच एका वाद घालणाऱ्या माणसाशी झाली. तो माणूस आज दुसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही.

तर, फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे. फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा, वसतिगृहात राहणारा, काडीसारखा किडकिडीत पोरगा. सायकलवर टांग मारली की वाऱ्याला ऐकत नाही, आणि काहीतरी खटकलं, काहीतरी सापडलं, की जिभेनं टाळूवर आवाज काढतो: टॉक्क! इथे ज्यांचं वय पन्नाशीपुढे आहे त्यांना आणखी सांगायची गरज नाही. ज्यांचं वय वीस-पंचवीस आहे त्यांना हे नाव माहीत असलं तर बहुधा सिनेमामुळे माहीत आहे. आणि माझी गोष्ट नेमकी तिथेच अडकलेली आहे.

मी 1968 साली साताऱ्याच्या सैनिक शाळेत गेलो. वय अकरा. घर सोडून प्रथमच बाहेर. दिवे मालवल्यावर पांघरुणात रडायचं, पण आवाज होऊ द्यायचा नाही, हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकलो. आमच्या डॉर्मिटरीत कुणीतरी सुट्टीतून येताना फास्टर फेणेचं पुस्तक आणलं. ते इतक्या हातांतून फिरलं की शेवटची पानं उरली नाहीत. शेवट आम्ही एकमेकांना तोंडी सांगायचो आणि प्रत्येकाचा शेवट वेगळा असायचा. फेणे वसतिगृहात राहतो आणि त्याचं बरं चाललंय, ही गोष्ट त्या वयात केवढी मोठी होती! तो बलदंड नाही. वर्गात पहिला येणारा वगैरे नाही. पण मोठी माणसं जिथे बघून न बघितल्यासारखं करतात तिथे हा थांबतो आणि बघतो. आम्हाला तो आमच्यातला वाटायचा.

पुढे 1982च्या जानेवारीत मी गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळी कोर्सला होतो. कमरेएवढा बर्फ, पाठीवर सामान, पायात स्की, आणि मी पडतोय, उठतोय, पुन्हा पडतोय. प्रशिक्षक ओरडतोय. आणि माझ्या डोक्यात काय? ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’! म्हटलं, या पोरानं हे सगळं माझ्याआधी पाहिलंय. त्या संध्याकाळी साताऱ्याच्या एका जुन्या मित्राला पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एकच शब्द लिहिला: टॉक्क. आमच्या टपालात पत्र तपासणाऱ्यानं त्याचा काय अर्थ लावला असेल देव जाणे.

हे एवढ्यासाठी सांगतोय की माझी मालकी किती जुनी आहे ते कळावं. आणि मालकी म्हणतोय ते विचार करून म्हणतोय. भागवत 2001 साली गेले. 1910चा त्यांचा जन्म. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला, ॲलिसची ‘जाईची नवलकहाणी’ केली. म्हणजे दुसऱ्याची गोष्ट उचलून, तिचे कपडे बदलून, तिला मराठी घरात आणून बसवणं हे त्यांचं स्वतःचंच काम होतं. ॲलिसची जाई केली म्हणून त्यांच्यावर कुणी चिडल्याचं मला तरी आठवत नाही. पण त्यांच्या फेण्याला कुणी हात लावला की आम्ही चिडणार.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली होती, सुमीत राघवन फेणे झाला होता. तेव्हा तो खरंच लहान पोरगा होता. मी त्या काळात सीमेवर, टीव्ही नाही, त्यामुळे माझा त्याच्यावर राग नाही. न बघितलेल्या गोष्टीवर राग धरायला मला नंतर शिकावं लागलं.

सिनेमा आला 27 ऑक्टोबर 2017 ला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शक. आम्ही तेव्हा मेहुण्यांच्या पंच्याहत्तरीसाठी पुण्यात होतो. इरा सात वर्षांची. इथे बंगळुरात तिच्या शाळेत इंग्रजी, कन्नड आणि पुढे हिंदी. मराठी बोलते, अगदी छान बोलते, पण तेव्हा वाचता येत नव्हतं. तिला मी रात्री झोपताना फेण्याच्या गोष्टी तोंडी सांगायचो. टॉक्क तिला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं, कारण पुढचे दोन दात पडलेले होते. तर मी जाहीर केलं, चला, तुला फास्टर फेणे दाखवतो! घरातून निघताना तिच्या हातात मी माझं जुनं पुस्तकसुद्धा दिलं, वाचायला नाही, नुसतं धरायला.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर अमेय वाघ. दाढी फुटलेला तरुण. बनेश फेणे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलाय. परीक्षेच्या सुमारास ओळख झालेला एक मुलगा मरतो, पोलीस आत्महत्या म्हणून मोकळे होतात, बनेशला ते पटत नाही. परीक्षेतल्या घोटाळ्याचं जाळं, आणि त्याच्या टोकाला गिरीश कुलकर्णींचा अप्पा, बघून अंगावर काटा यावा असा.

आणि मी? मी पहिल्या दहा मिनिटांत सुरू झालो. हाफ पँट कुठाय? हा एवढा मोठा कसा? सुभाष देसाई कुठाय? माली कुठाय? विद्याभवन कुठाय? शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ आधी हसले, मग शुक् शुक् करायला लागले. आमची ही मला कोपरानं ढोसत होती. मध्यंतरात इरानं पॉपकॉर्न खाताखाता विचारलं, “आजोबा, हा फेणे आहे ना?”

मी म्हटलं, “नाही. हा तो नाहीच.”

ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग खरा कुठाय?”

मी तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. जे तिला वाचता येत नव्हतं.

मंडळी, ही गोष्ट मला त्या वेळी अजिबात जाणवली नाही. मी माझ्या सैनिक शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री बारापर्यंत लढत होतो. चाळीस-पंचेचाळीस म्हातारे, कुणी ब्रिगेडियर, कुणी बँकेतून निवृत्त, एक डॉक्टर, आणि सगळे हाफ पँटवरून हमरीतुमरीवर. दोन तट पडले. एक म्हणत होता, किती दिवसांनी मराठीत असा चोख रहस्यपट आला, बसा की गुमान. दुसरा तट माझा. एकानं लिहिलं, फेण्याला मोठा करणं म्हणजे बाळकृष्णाला ऑफिसला पाठवणं. त्याला सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला.

बंगळुरूला परत आल्यावर एक दिवस रात्री मी नेहमीप्रमाणे गोष्ट सुरू केली, तर इरा म्हणाली, “फेणेची नको. तो खोटा आहे ना.” मी समजावलं, अगं खोटा तो सिनेमातला. तिनं ऐकून घेतलं, पण सात वर्षांच्या मुलीला असे दोन फेणे सांभाळता येत नाहीत. तिनं दोघांनाही रजा दिली. टॉक्क बंद झालं. पुढच्या वर्षी दातही आले.

आता तीन वर्षं पुढे जाऊ. 2020, टाळेबंदी. शाळा लॅपटॉपवर, खाली बागेला कुलूप. इराच्या हाती पर्सी जॅक्सन लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रिक रिऑर्डन नावाचे अमेरिकन लेखक, आधी शाळामास्तर. त्यांच्या मुलाला वाचताना अक्षरं गोंधळायची आणि एका जागी बसवत नसे. डिस्लेक्सिया आणि एडीएचडी. त्याला झोपताना सांगायला म्हणून त्यांनी ग्रीक देवादिकांची गोष्ट रचली. नायक पर्सी, वय 12, त्याच मुलासारखा. शाळांमधून काढून टाकलेला. आणि मग कळतं की तो समुद्रदेव पोसायडनचा मुलगा आहे. अक्षरं गोंधळतात कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे. एका जागी बसवत नाही कारण त्या लढवय्याच्या सवयी आहेत. 2005 ते 2009, पाच पुस्तकं. इरानं ती दोन महिन्यांत संपवली, मग पुन्हा वाचली, मग आम्हाला जेवताना सांगायला लागली. माझ्या पत्नीला आज एकवेळ अष्टविनायकांचा क्रम आठवणार नाही पण ऑलिंपसच्या बारा देवांचा आठवतो.

मग तिला कळलं की याच्यावर सिनेमा आहे, 2010चा. ख्रिस कोलंबसचा, ज्यानं पहिले दोन हॅरी पॉटर केले तोच. शनिवारी आम्ही सगळे बसलो. आणि पंधराव्या मिनिटाला माझ्या शेजारून आवाज आला: “हा तो नाहीच!”

मी चमकून बघितलं. इरा उभी होती. पर्सी बारा वर्षांचा हवा, हा तर कॉलेजात शोभेल! ॲनाबेथचे केस सोनेरी असतात, डोळे करडे असतात, हिचे केस काळे! युद्धाचा देव एरीस कुठाय? क्लॅरीस कुठाय? सगळ्यामागचा क्रोनोस कुठाय? तिची आई म्हणाली, अगं बघू तरी दे. आणि मला ऐकू काय येत होतं? सुभाष देसाई कुठाय, माली कुठाय.

त्या दिवसापासून आमचं भांडण खऱ्या अर्थानं सुरू झालं. कारण मी तिला म्हणालो की सिनेमावाल्यांना थोडी सूट द्यावी लागते. ती म्हणाली, “तू दिली होतीस?” सात वर्षांची असतानाचं तिला सगळं आठवत होतं.

तिनं मग खोदून माहिती काढली, आणि ती खरोखर मजेदार आहे. लेखक रिऑर्डन यांनी सिनेमा निघायच्या आधी, 2009 मध्येच, निर्मात्यांना पत्रं लिहून सांगितलं होतं की मुलांचं वय वाढवू नका, पुस्तकाचा खरा वाचक तुम्ही घालवून बसाल, आणि पटकथा मुळात चांगली नाही. ती पत्रं त्यांनी 2018 मध्ये जाहीर केली. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नव्हतं. मात्र वाचकांचं एक गाऱ्हाणं निर्मात्यांनी ऐकलं. 2013 मध्ये दुसरा सिनेमा आला त्यात ॲनाबेथचे केस सोनेरी केले! आणि? सिनेमा काही सुधारला नाही. तिसरा निघालाच नाही. ओरड इतकी केसांची झाली होती की ऐकणाऱ्यानं केस दुरुस्त केले आणि काम झालं म्हणून फाईल बंद केली.

इथे मला माझा जुना धंदा थोडा मध्ये आणू द्या. सैन्यात कारवाईच्या आधी ऑर्डर्स देतात. त्याचा साचा ठरलेला. परिस्थिती, मिशन, अंमलबजावणी, रसद, आणि शेवटी कमांड आणि सिग्नल. यातलं मिशनचं वाक्य दोनदा वाचतात. फक्त तेवढंच दोनदा. कारण पुढचं सगळं कोसळू शकतं. पूल वाहून जातो, रेडिओ बंद पडतो, ज्या बाजूनं जायचं ठरवलंय तिथे सुरुंग निघतात. तेव्हा खालचा लेफ्टनंट स्वतःच्या अकलेनं रस्ता बदलतो, आणि त्यानं बदलावाच, पण दोनदा ऐकलेलं ते वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं हवं. मी तरुणपणी असे अधिकारी पाहिलेत जे परत आलेल्या तुकडीला आधी विचारतात, टोपी कुठाय तुझी? टेकडी मिळाली का ते नंतर. त्या पुण्याच्या थिएटरात मी टोपी विचारणारा अधिकारी झालो होतो.

पर्सीची सगळी गोष्ट शाळेत ‘ढ’ ठरलेल्या बारा वर्षांच्या मुलाला सांगायची गोष्ट आहे. त्याला सतरा वर्षांचा करून टाकला की पुलाची जागा बदलली एवढंच होत नाही, टेकडीच बदलते. म्हणून वयाच्या बाबतीत इरा बरोबर होती, तिच्या लेखकासकट. केसांच्या बाबतीत मात्र ती माझ्यासारखीच टोपीवर अडली होती. मी तसं म्हटल्यावर आठवडाभर अबोला.

अबोला संपला तो 2022 मध्ये एका वेगळ्याच कारणानं. पर्सीची नवी मालिका होणार, लेखक स्वतः निर्मात्यांत, आणि ॲनाबेथच्या भूमिकेला लिआ जेफरीज नावाची मुलगी. कृष्णवर्णीय. आणि जगभरच्या काही चाहत्यांनी त्या बारा वर्षांच्या मुलीवर जी घाण ओतली ती मी इथे सांगणार नाही. समोर मुलं बसलीत. रिऑर्डन यांनी मे महिन्यात सरळ लिहिलं की आम्ही पात्राचा गाभा कोण आणू शकतं ते बघून निवड केली आहे, आणि रंगावरून तुम्ही तिला नाकारत असाल तर याला वंशद्वेषच म्हणतात.

इरा त्या रात्री माझ्याकडे आली. तिच्याच वर्गातल्या मैत्रिणी म्हणत होत्या, पुस्तकात सोनेरी केस लिहिलेत, आम्ही पुस्तकाच्या बाजूनं आहोत. तिनं विचारलं, “आजोबा, मी पण तेच म्हणत होते ना? मग मी पण तशीच का?” बारा वर्षांची मुलगी. मी म्हटलं, तू काय म्हणत होतीस ते बघू. तू म्हणत होतीस, ती हुशार आहे आणि तिला सोनेरी केसांवरून लोक मठ्ठ समजतात, त्याचा तिला राग येतो, ते गेलं. बरोबर? मग काळ्या मुलीला बघून लोक काहीच गृहीत धरत नाहीत का? तिनं विचार केला. म्हणाली, “जास्त धरतात.” आणि थोड्या वेळानं, “आमच्या वर्गात पण धरतात.” ते काय, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ती दिल्लीच्या नाही तर ईशान्येकडच्या एका मुलीबद्दल बोलत होती हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं.

डिसेंबर 2023 मध्ये ती मालिका आली. लेखक घरात बसून लक्ष ठेवून आहे, पर्सी खरोखर लहान पोरगा, सगळं जमून आलं. इरानं पाहिली. तिसऱ्या भागात मुलं मेडुसाच्या घरी जातात. पुस्तकात त्यांना कळत नाही की ही मेडुसा आहे, भुकेली पोरं बर्गर खायला आत जातात आणि वाचणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. मालिकेत त्यांना आधीच कळतं. इरा म्हणाली, “सगळं बरोबर आहे, पण भीतीच वाटत नाही.” मला हे वाक्य फार आवडलं. केस, वय, रंग, कशाचीच ओरड नाही. ती टेकडीबद्दल बोलत होती.

आता इथे बंगळुरात राहून मालगुडीचं नाव न घेणं बरं दिसणार नाही. आर. के. नारायण यांच्या ‘गाईड’वर देव आनंदचा सिनेमा आला 1965 ला, आपण सगळे त्याच्या गाण्यांवर वाढलो. नारायण मात्र वैतागले होते; त्यांचं मालगुडी उचलून राजस्थानात नेलं म्हणून त्यांनी एक खुसखुशीत लेखच लिहून ठेवलाय. पुढे शंकर नाग यांनी आगुंब्याला ‘मालगुडी डेज’ उभं केलं. हेच शंकर नाग आपल्या मराठी ‘22 जून 1897’च्या पटकथेतही होते. त्यांच्या मालिकेतला स्वामी शाळकरीच राहिला. आमच्या मजल्यावरचे राव म्हणतात, मी आता पुस्तक उघडलं तरी मला मास्टर मंजुनाथच दिसतो, माझा स्वतःचा स्वामी कसा होता ते आठवतच नाही. मी विचारलं, वाईट वाटतं? म्हणाले, “नाही हो कर्नल, आमच्या घरात तिसरी पिढी स्वामी बघतेय.”

तिसरी पिढी. हे ऐकल्यावर मला माझं फेण्याबद्दलचं खरं गाऱ्हाणं सापडलं, सात वर्षं उशिरा. सिनेमातला फेणे मोठा का झाला? कारण त्याचे वाचक मोठे झाले होते. तो सिनेमा माझ्यासाठीच केलेला होता! पन्नाशी-साठीच्या माणसाला तिकीट काढायला लावेल असं रहस्य, खून, परीक्षांचा घोटाळा. एवढंच काय, त्यांनी खुद्द भा. रा. भागवतांना सिनेमात आणून बसवलं. दिलीप प्रभावळकर भा. रा. झालेत, आणि बनेश त्यांच्याकडे येऊन राहतो. जुन्या वाचकाला याहून वाकून नमस्कार कोण करतं? आणि सगळे आत्महत्या म्हणून पाठ फिरवतात तिथे हा पोरगा थांबतो आणि बघतो. टेकडी घेतली होती त्यांनी. तक्रार करायचीच होती तर ती माझ्या नातीच्या वतीनं करायला हवी होती, की अहो, यात सात वर्षांच्या मुलीसाठी तिच्या वयाचा फेणे कुठाय? बंगळुरात, बडोद्यात, इंदुरात मराठी बोलणारी पण न वाचणारी मुलं आहेत, त्यांना फेणे भेटायचा तर पडद्यावरच भेटणार. भागवत स्वतः इंदूरला जन्मलेले. ही तक्रार मी केली नाही. मी हाफ पँट मागत बसलो, आणि जी एक मुलगी दारात आली होती तिला खोटा आहे म्हणून परत पाठवलं.

मी हे तिच्यासमोर कबूल केलं. गेल्या दिवाळीत. ती म्हणाली, ठीक आहे, आता दाखव. टीव्हीवर लावला. अट एकच, मी तोंड उघडायचं नाही. दोन तास मी काय सोसलंय ते माझं मला माहीत. इंग्रजी अक्षरं खाली होती पण तिनं ती बघितली नाहीत. अप्पाला बघून ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. एका ठिकाणी सिनेमा थांबवून तिनं विचारलं, “ते म्हातारे लेखक कोण?” मी म्हटलं, त्यांनीच फेणे लिहिलाय. “म्हणजे ते खरे आहेत?” होते. “मग त्यांचं पुस्तक कुठाय?”

पुस्तक होतं. तेच, पुण्याला तिच्या मांडीवर होतं ते. आता रविवारच्या मराठी वर्गामुळे तिला अक्षरं येतात, जोडाक्षरांना अडखळते. रात्री जेवणानंतर ती एक पान वाचते, मी दोन वाचतो. टॉक्क पुन्हा सुरू झालंय, दात आल्यामुळे पूर्वीसारखं घुमत नाही.

परवा चौथं प्रकरण झालं. हाफ पँटमधला, किडकिडीत, सायकलवर टांग मारणारा माझा बनेश. मी अगदी रंगात येऊन वाचत होतो. इरानं मध्येच पुस्तक माझ्या हातातून घेतलं, आतलं चित्र नीट न्याहाळलं, आणि मान हलवली.

“आजोबा,” ती म्हणाली, “हा तो नाहीच. फेणे एवढा लहान कुठाय?”